ह. मु. सुरत

फोन आला तेव्हा मी डिंडोलीच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. हातात ताईंच्या नव्या प्रश्नावलीचा कागद होता, पाठपोट छापलेला, आणि 'दीडशे प्रती काढ, कडा कापल्या जाऊ देऊ नकोस' ही त्यांची सूचना अजून कानात होती. पन्नासेक प्रती निघाल्या असतील, तेवढ्यात ह्यांचा फोन. एरवी हे फोनवर बोलायला लागले की आवरत नाहीत. त्या दिवशी दोनच शब्द बोलले, "घरी ये." मी विचारलं, "ताई?" तर ह्यांनी फोन ठेवून दिला. दुकानदारकाकांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहून मशीन थांबवलं आणि विचारलं, "बाकीच्या राहू देऊ, बेन?" मी म्हटलं, "नाही, सगळ्या काढा." असं का म्हटलं ते तेव्हा मलाच कळलं नव्हतं. प्रतींचा गठ्ठा घेऊन घरी आले. ताई वरच्या खोलीत, त्यांच्या वेताच्या खुर्चीत, डोळे मिटून होत्या. बाजूला चहाचा कप होता, रिकामा. चहा पूर्ण पिऊन गेल्या, याचं मला त्या क्षणीसुद्धा बरं वाटलं. अर्धा चहा टाकणाऱ्या माणसांवर त्यांचा फार राग होता.

त्याला आता दोन महिने होत आले. डॉ. इंदुमती निकम या नावाने त्यांना जगातली बरीच विद्यापीठं ओळखत असतील, आमच्या नवागामच्या गल्लीला मात्र त्या इंदूताई. माझ्या थोरल्या नणंद. नणंद-भावजयीचं सख्य म्हणजे विळ्या-भोपळ्याचं, असं लग्नाआधी मला सगळ्यांनी बजावून ठेवलं होतं. लग्न होऊन मी धुळ्याकडून सुरतेला आले, तेव्हा ताई दिल्लीच्या विद्यापीठात पीएच. डी. करत होत्या. सुट्टीत घरी आल्या. मी धाकधूक होत त्यांच्या पाया पडले, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या गल्लीत नळ किती वाजता यायचा?" मी गोंधळून म्हटलं, "सहाला." "आणि शेजारच्या गल्लीत?" "तिकडे नळच नव्हता." "का नव्हता?" आता शेजारच्या गल्लीत नळ का नव्हता हे नव्या नवरीला कसं ठाऊक असणार? पण त्यांनी सोडलं नाही. माझ्याकडून त्या गल्लीत कोण राहतं, ते कुठे कामाला जातात, त्यांचं कचेरीत कोणी ओळखीचं आहे का, सगळं काढून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "बघ, हाच माझा विषय. पाणी एका गल्लीत येतं, दुसऱ्या गल्लीत येत नाही, ते का? बाकी सगळी नावं मोठी आहेत."

मोठं नाव होतं 'राजकीय अर्थव्यवस्थेचा तुलनात्मक अभ्यास'. घरात ते कुणाला धड म्हणता यायचं नाही. त्यातला 'राजकीय' एवढाच शब्द लोकांच्या ध्यानात राहायचा. गावाकडचे चुलतसासरे दरवर्षी दिवाळीला विचारायचे, "इंदू, औंदा तरी उभी राह्यनार का निवडनूकले?" ताई तितक्याच गंभीरपणे सांगायच्या, "काका, अजून दोन देशांचं बघून घेते, मग ठरवते." माझे सासरे पारोळ्याकडून तरुणपणीच सुरतेला लूम्सच्या कारखान्यात आले होते. मुलगी काय शिकते हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण ती शिकते याचा अभिमान असा, की कारखान्यातल्या शेटला भेटायला जाताना तिचा पहिला छापील लेख खिशात घालून नेत. तो इंग्रजीत होता. शेटने उलटा धरून पाहिला आणि म्हणाला, "सरस छे." सासऱ्यांनी ती गोष्ट वर्षभर पुरवून पुरवून सांगितली.

तुलनेची ताईंना खोडच होती. भाजी आणायला गेल्या तर दोन पातेल्यांत दोन दुकानांची वांगी वेगवेगळी शिजवायला लावायच्या. मी वैतागून म्हणायची, "ताई, संशोधन करा, पण माझ्या गॅसवर नको." त्यांच्या पुस्तकातली तुलना मात्र मोठी होती. एकीकडे आपलं सुरत आणि दुसरीकडे जावा बेटावरचं कापडाचं एक गाव. दोन्हीकडे तसेच लूम्स, तसाच धागा, तसाच धडधडाट. तरी तिथल्या कामगारांच्या वस्तीत शाळा आहे, दवाखाना आहे, नळ आहे, आणि इथल्या वस्तीत यातलं काहीच वेळेवर येत नाही. का? या एका 'का'साठी ताई तिकडे सव्वा वर्ष राहून आल्या. मी डबाभर बिबडे बरोबर दिले होते. बिबडे म्हणजे आम्हा खानदेशी लोकांचा जीव. ज्वारीचा लसूण-तीळ घातलेला घाटा शिजवायचा, तो ओल्या कापडावर थापायचा, कडक उन्हात वाळवायचा आणि वर्षभर भाजून नाहीतर तळून खायचा. तिथल्या घरमालकीणबाईंना ते इतके आवडले, की त्यांनी बदल्यात स्वतःचे तांदळाचे पापड अंगणात सुपावर वाळवून ताईंना बांधून दिले. ते आम्ही इथे तळून खाल्ले. सासूबाईंनी एक तुकडा मोडला आणि निकाल दिला, "बरं शे. मीठ कमी शे."

पुढे ताईंचं पुस्तक आलं. त्याची मांडणी मी ताईंकडूनच ऐकली, एका दुपारी पोळ्या लाटता लाटता. जावातल्या त्या गावचे कामगार त्या गावचेच झाले आहेत, म्हणून ते तिथल्या कचेरीत हक्काने मागतात. सुरतेतले कामगार मात्र मनाने परतीच्या वाटेवर आहेत. आज ना उद्या गावी जायचं, मग इथे कशाला भांडायचं, म्हणून ते मागत नाहीत आणि त्यांना मिळत नाही. पुरावा म्हणून ताईंनी काय गोळा केलं होतं? लग्नपत्रिका. दोन ट्रंका भरून. नवागाम, बमरोली, पार कामरेजपर्यंतच्या खानदेशी घरांतल्या. आमच्याकडच्या पत्रिकेवर यजमानांच्या नावाखाली काय छापतात ते वाचकांना सांगायला नको. मु. पो. अमुक, तालुका तमुक, जिल्हा जळगाव नाहीतर धुळे, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'ह. मु. सुरत'. हल्ली मुक्काम. म्हणजे सध्या इथे टेकलोय, इतकंच. ताईंनी शेकडो पत्रिकांवरचा तो ह. मु. दाखवला आणि म्हटलं, बघा, ही माणसं स्वतःच सांगताहेत. पुस्तक गाजलं. परदेशात अभ्यासक्रमाला लावलं. ताईंना मोठ्या जागेवर घेतलं. सासऱ्यांनी पेढे वाटले. मीही वाटले.

मी तोवर मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले होते. आमची शाळा सातवीपर्यंत. सातवीनंतर मुलांनी जायचं कुठे, हा दर जूनचा घोर. गुजराती शाळेत घातलं की मुलगा मागे पडायचा, मुलीला तर घरीच बसवायचे. आठवीचा वर्ग मिळावा म्हणून आम्ही तिघी शिक्षिका पालकांच्या सह्या घेऊन एका कचेरीत खेटे घालत होतो. तिथले साहेब सभ्य होते, पाणी-बिणी विचारायचे. शेवटच्या खेपेला त्यांनी अर्ज बाजूला सारला आणि म्हणाले, "बेन, आ लोको तो आजे छे ने काले गाम जता रहेशे. एमना माटे वर्ग क्यां खोलवो?" मी म्हटलं, साहेब, ही माणसं उद्या गावी जाणार हे तुम्हाला कुणी सांगितलं? तर त्यांनी कपाटातून काही झेरॉक्स पानं काढली. ताईंच्या पुस्तकाची. पेनाने खुणा केलेली. हसून म्हणाले, "आ तो तमारा घरनुं ज लखाण छे ने?"

आमच्याच घरचं लिखाण आमच्याच आड आलेलं पाहून त्या दिवशी मला जो राग आला, तसा आयुष्यात परत कधी आला नाही. कचेरीच्या पायरीवरूनच दिल्लीला फोन लावला. नमस्कार नाही, काही नाही. म्हटलं, "ताई, आम्ही कधी जाणार आहोत तेवढी तारीख सांगा, म्हणजे मी बांधाबांध करते." मी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांच्यातली प्राध्यापक जागी झाली. "सुलभा, पत्रिका खोट्या आहेत का? तुझ्याकडे याच्याविरुद्ध पुरावा काय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पुरावा? गच्चीवर वाळत घातलाय. येऊन बघा."

मे महिना होता. आठव्या दिवशी ताई उधना स्टेशनवर हजर. घरी येऊन पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, "कुठेय?" मी त्यांना गच्चीवर नेलं. नवागामच्या गच्च्या एकीला एक चिकटलेल्या. एकीवर उभं राहिलं की अख्खी गल्ली दिसते, आणि मे महिन्यात ती गल्ली सगळी पांढरी-तांबूस दिसते, कारण गच्चीगच्चीवर बिबडे असतात. मी सांगत गेले. सासूबाई सुरुवातीला बिबडे घालायच्या नाहीत, गावाहून आणायच्या. मे महिन्यात लग्नाला जायचं आणि येताना पत्र्याचे डबे भरून आणायचे. गावाकडचं ऊन, गावाकडची ज्वारी, तिथलं ते तिथलं. मग एका वर्षी त्यांनी पहिल्यांदा या गच्चीवर घाटा शिजवला. पोलिएस्टरच्या साडीवर थापले, ते सुटेचनात, साडीच घाट्यासकट धुवावी लागली. या कापडाच्या शहरात बिबड्यांसाठी सुती धोतर शोधत हिंडलो. पण त्या वर्षापासून गावाहून बिबडे आले नाहीत. "वर्षाचं वाळवण बाई कुठे घालते, ताई? जिथे वर्षभर राहायचं तिथे. सासऱ्यांनी चाळीस वर्षं पत्रिकेवर ह. मु. छापलं. पत्रिका पुरुष छापतात. बिबडे आम्ही घालतो."

ताईंनी वही काढली. शेजारच्या गच्चीवर सिंधूबाई थापत बसली होती. तिचा जन्मच सुरतेतला. ताईंनी तिला विचारलं, "सिंधू, तुझं गाव कोणतं?" ती मान वर न करता म्हणाली, "पारोळाजोडे." "कधी गेली होतीस?" "लगीनमा गई व्हतू... कोनतं लगीन ते याद नही." ताई वहीत लिहायला लागल्या, तेवढ्यात माझ्या बिबड्यांवर कावळे उतरले. सिंधूबाई तिकडून ओरडली, "इंदूताई, पहिले कावळा हाकला, मंग लिखा." आणि चार देशांत व्याख्यानं देऊन आलेल्या आमच्या ताई, एका हातात वही नि दुसऱ्या हातात काठी घेऊन, भर उन्हात कावळ्यांमागे धावल्या. धावून दमल्या आणि टाकीच्या सावलीत मटकन बसल्या. मला वाटलं, ऊन लागलं. बघते तर हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईतो हसत होत्या.

"सुलभा," त्या म्हणाल्या, "त्या घरमालकीणबाईंच्या अंगणात मी रोज तांदळाचे पापड बघायची. त्यावरूनच तर म्हटलं, ही माणसं इथली झालीत. तिथे मी अंगण पाहिलं आणि इथे पत्रिका वाचल्या. मग तुलना कसली केली मी?" थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरणार नाही. परका संशोधक आला असता तर त्याने दारोदार विचारलं असतं, तुम्ही इथे किती वर्षं आहात, परत जाणार का. ताईंनी ते कुणालाच विचारलं नव्हतं. घरचंच माणूस, त्याला काय विचारायचं? 'पुढच्या दिवाळीला गावी जायचं' हे वाक्य त्या लहानपणापासून वडिलांच्या तोंडून ऐकत आल्या होत्या. त्यांना ते पाठ होतं, म्हणून खरं वाटलं.

चूक कळली, पण ती निस्तरणं सोपं नव्हतं. ज्या पुस्तकावर नाव मिळालं, जागा मिळाली, तेच पायाशी हललं होतं. ताई तेव्हा निवृत्तीला आल्या होत्या. दिल्लीतल्या एका सहकाऱ्याने सल्ला दिला, पुढच्या आवृत्तीत एक तळटीप घाला आणि मोकळ्या व्हा. ताई मला फोनवर म्हणाल्या, "टीप वाचतं कोण? तुझ्या त्या साहेबांनी वाचली असती?" त्यांना एकच लागून राहिलं होतं. आपल्याच माणसांना आपण जाणारे ठरवलं, ते आपल्या हातूनच पुसलं गेलं पाहिजे, आणि त्यासाठी हातात वर्षं फार नाहीत.

त्याच सुमाराला बमरोलीत खानदेशी मंडळींनी त्यांचा सत्कार ठरवला. मंडप, शाल, श्रीफळ, फेटा, सगळं साग्रसंगीत. पुस्तकाचं गुणगान गाऊन झालं आणि ताई बोलायला उठल्या. पहिलंच वाक्य म्हणाल्या, "ज्या पुस्तकासाठी तुम्ही मला बोलावलंत ते चुकलेलं आहे." टाळ्यांचा कडकडाट. लोकांना वाटलं, केवढी नम्र बाई. ताई पुन्हा म्हणाल्या, "नाही, खरंच चुकलंय." पुन्हा टाळ्या. माझ्या शेजारी हे बसले होते, ते म्हणाले, "हिला शाल देऊन आता खाली बसवा कुणीतरी." मग ताईंनी माईक हातात घेतला आणि विचारलं, "इथे बसलेल्या बायांनो, यंदा बिबडे कुणी गावाहून आणले? हात वर करा." दोन-तीन हात. "गच्चीवर कुणी घातले?" मागच्या रांगांपर्यंत हातच हात. त्यानंतर टाळ्या बंद झाल्या आणि लोक ऐकायला लागले. आपण जाणार, जाणार म्हणत राहतो, ताई म्हणाल्या, आणि ते सगळ्यांना सोयीचं असतं. मालकाला सोयीचं, कचेरीला सोयीचं, आणि गावाकडे मान राहतो म्हणून आपल्यालाही सोयीचं. मी शिकलेली असून तेच लिहिलं. पुढच्या रांगेतले पुरुष खाली बघत होते. बाया मात्र एकमेकींना कोपरं मारून हसत होत्या.

निवृत्त होऊन ताई सुरतेला आल्या, आमच्या वरच्या खोलीत. परदेशातून पुन्हा बोलावणं होतं, तिकडे दोन वर्षं राहून लिहायची सोय होती. त्यांनी नाही कळवलं आणि दारोदार सगळं पहिल्यापासून सुरू केलं. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर. त्यांच्या प्रश्नावलीत शाळा, दवाखाना, कारखाना असं पुष्कळ काही असायचं, पण चौदावा प्रश्न माझा होता, 'यंदाचे बिबडे-पापड कुठून आले?' आणि पुढे दोन रकाने, गावाहून नि गच्चीवर. जावातल्या त्या घरमालकीणबाईंच्या मुलीकडूनही त्यांनी तोच प्रश्न तिकडच्या घरांत विचारून घेतला, तांदळाच्या पापडांचा. आता तुलना बरोबरीची, म्हणायच्या. ताईंची एक विद्यार्थिनी दिल्लीहून आली होती, तिने शंका काढली, "मॅडम, आजकाल लोक विकतचेही आणतात." ताईंना इतका आनंद झाला, की त्या दिवशी त्यांनी तिला लोचो खाऊ घातला आणि रात्रीच्या जेवणाआधी तिसरा रकाना आखलासुद्धा. आपलं चुकलेलं कुणी दाखवलं की त्या अशा खुलायच्या, जणू घरी पाहुणा आला. मला ते कधी जमलं नाही. त्यांनी माझ्या बिबड्यांत मीठ जास्त आहे म्हटलं तर मी दोन दिवस बोलायची नाही.

नव्या पुस्तकाला सहा वर्षं लागली. ते निघालं तेव्हा त्याची पहिली प्रत घेऊन ताई माझ्याबरोबर त्या कचेरीत आल्या. साहेब बदलले होते, पण आधीची झेरॉक्स पानं कपाटात तशीच होती. ताईंनी ती मागून घेतली, पर्समध्ये ठेवली आणि त्या जागी नवं पुस्तक ठेवलं. म्हणाल्या, "आता खुणा यात करा." त्यानंतरही आम्हाला खेटे घालावे लागलेच, सगळं काही पुस्तकाने होत नाही. पण दुसऱ्या जूनला आठवीचा वर्ग उघडला. पहिल्या वर्षी अकरा मुलं आली, त्यांत सात मुली. उद्घाटनाला ताईंना बोलवलं तर त्या फळ्याशी उभ्या राहिल्या आणि मुलींना विचारलं, "तुमच्या गल्लीत नळ किती वाजता येतो?" तास संपला तरी वर्गातून हलायला तयार नव्हत्या.

आणि एवढं सगळं झाल्यावर आमच्या मुलीचं लग्न निघालं, तर ह्यांनी पत्रिकेवर छापलं काय? ह. मु. सुरत. ताईंनी प्रूफ पाहून पेन काढलं. हे म्हणाले, "ताई, खोडू नकोस. गावाकडचे काय म्हणतील?" भावा-बहिणीची अशी जुंपली, की प्रेसवाला गुजराती भाई दोघांना थंड पाणी देत बसला. शेवटी ह. मु. राहिला. ताईंनी एक पत्रिका आपल्या ट्रंकेत टाकली आणि म्हणाल्या, "असू दे. तू असलास म्हणून तर माझं पहिलं पुस्तक झालं."

शेवटच्या वर्षी त्यांचं चालणं कमी झालं होतं. डॉक्टरांनी जिना बंद केला, पण त्या वहीतून सगळी गल्ली फिरायच्या. आता नव्या पोरी नोकरीला जातात, बिबडे घालायला कुणाला वेळ आहे, मग हा प्रश्न किती दिवस चालेल, हे त्यांच्या डोक्यात घोळत होतं. म्हणून ती नवी प्रश्नावली, दीडशे प्रती. त्या गेल्याचं दुःख आहेच. पण खरं सांगायचं तर त्यांची आठवण आली की मला आधी हसू येतं, डोळ्यांचं नंतर बघता येतं. आपली सर्वांत मोठी चूक आपल्या हाताने दुरुस्त करून, चहा संपवून जाणारी माणसं किती असतात?

ताई मार्चमध्ये गेल्या आणि पुढे वाळवणाचे दिवस आले. आमच्याकडे रीत आहे, घरात माणूस गेलं की वर्षभर त्या घरी बिबडे, पापड, कुरडया काहीही घालत नाहीत. सोयरे-धायरे आपापल्या घरून आणून देतात. आमचे सोयरे सगळे खानदेशात, त्यामुळे यंदा पुन्हा गावाहून डबे येणार, हे मी धरूनच चालले होते. मनात आलं, ताई, तुमच्यामुळेच यंदा आपलं घर चौदाव्या प्रश्नाला उलट्या रकान्यात जाणार. गच्ची मोकळी पडली होती. मी वर जायचंही टाळत होते.

एका सकाळी सिंधूबाई पत्र्याचा डबा घेऊन आली. ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "तुम्हना घर यंदा बननार नही ना." एवढंच बोलून गेली, चहालाही थांबली नाही. दुपारी मागच्या गल्लीतून दोघी आल्या, एकीकडे बिबडे, एकीकडे उडदाचे पापड. समोरच्या ओडिया मिनतीबेनला आमची रीत कुणी सांगितली कोण जाणे, तिने त्यांच्याकडची डाळीची बडी, म्हणजे आपल्या सांडग्यांसारखी, आणून दिली. वरच्या आळीतल्या गुजराती मास्तरीणबाईंनी तांदळाच्या पापड्या. आठवड्याभरात फळी भरली, कोठी भरली, आणि मग डबे ठेवायला जागा उरली ती ताईंच्या खोलीत. त्यांच्या टेबलावर, प्रश्नावलीच्या दीडशे प्रतींच्या बाजूला, ह्यांनी डबे रचून ठेवले. नातं ना गोतं, तरी ज्यांच्यावर द्यायची पाळी नव्हती त्यांनी दिलं. ह्यांनी वरची प्रत उचलली, चौदावा प्रश्न वाचला आणि विचारलं, "हे कोणत्या रकान्यात?" गावाहून आलेलं नाही, आमच्या गच्चीवरचं नाही, विकतचं नाही. मी ताईंच्या मगातलं पेन घेतलं आणि चौथी रेघ मारली. वर काय लिहायचं ते मात्र सुचेना, म्हणून रकाना तसाच ठेवला.

त्याच संध्याकाळी गावाहून थोरल्या चुलतजाऊबाईंचा फोन आला. त्यांना सुरतेत आमचं कोण आहे, अशी काळजी. म्हणाल्या, "सुलभा, तुम्हनं घरनं यंदा आम्ही करी ठेयेल शे. कोनी गाडीवर येनार व्हई ते धाडतस."

मी म्हटलं, "नका धाडू, आक्का. ठेवाले जागा नही."

"इतला कोनी दिन्हात?"

"गावना लोकेस्नी."

त्या गोंधळल्या. "कोनता गावना?"

"आम्हना," मी म्हटलं.